सतरा नंबरची म्हातारी

गुरुपादप्पा सरांचं नाव निघालं की लातुरातली चाळिशीतली डॉक्टरमंडळी आजही खुर्चीत आपोआप ताठ बसतात. सरांनी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. पण खरं सांगायचं तर त्यांनी आकृत्या शिकवल्या. त्यांच्या वर्गातल्या पोराला ऐन झोपेतून उठवून "हृदय काढ" म्हटलं, तर ते डोळे चोळत चार मिनिटांत हृदय काढायचं, अकरा नावं द्यायचं आणि कुशीवर वळून परत झोपायचं. एकशेवीस पोरांची एकशेवीस हृदयं एकावर एक ठेवून उजेडाला धरली, तर एकच हृदय दिसायचं. सरांची बायको सरजाबाई म्हणायची, "देवानं बी माणसांची काळजं इतकी एकसारखी केली न्हाईत. ह्यांनी केली."

भूकंपाच्या साली सरांकडं चाळीस पोरं होती. पुढं एकशेवीस झाली. मग गल्लोगल्ली क्लासचे मजले चढले, मेसचे डबे फिरू लागले, भिंतीभिंतीवर गुणवंतांचे फोटो आले. आणि एक दिवस परीक्षाच बदलली. आता चार उत्तरांतला एक गोळा काळा करायचा. आकृती कुणी मागेना. ज्या क्लासात सर शिकवत होते तिथल्या तरुण मालकानं त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि म्हणाला, "सर, तुमी आता आराम करा." सरांना कळायचं ते कळलं. शाल सरजाबाईनं पेटीत ठेवली, नारळ फोडला, आणि सर घरात बसले.

घरात बसले म्हणजे काय, तर घरच्यांना शिकवू लागले. पोळी गोल नाही म्हणून सांगू लागले. रांगोळीचा डावा मोर उजव्या मोरापेक्षा जाड झालाय म्हणू लागले. संध्याकाळी मठात शिवकीर्तनाला जायचे, तिथंही टाळकऱ्यांच्या रांगेकडं बघून मनातल्या मनात त्यांना सरळ करायचे. सहासष्ट वर्षांच्या माणसाला एकच गोष्ट आतून खात होती: ह्या हाताचं आता जगात कुणाला काही काम उरलेलं नाही.

अशात एके सकाळी दारात महामाया उभी राहिली.

महामाया शिरूर अनंतपाळच्या रामकिशनची मुलगी. रामकिशन तहसीलात शिपाई होता, पोरीला अकरावीला लातुरात ठेवताना तिला सरांच्या समोर उभी करून म्हणाला होता, "सर, हिचा हात वाकडा हाय, पण डोकं सरळ हाय." हात सरांनी सरळ केला. डोकं घेऊन ती दूरच्या मोठ्या संस्थेत गेली आणि मेंदूची शास्त्रज्ञ झाली.

"शरणार्थ सर," ती वाकून म्हणाली. सरांच्या घरात हाच नमस्कार चालतो हे ती विसरली नव्हती. "काम घेऊन आलेय. तुमच्याशिवाय होणार नाही."

ते शेवटचं वाक्य ऐकून सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. पुसायला त्याच्यावर काही नव्हतं.

सरजाबाईनं दोघांपुढं चुरमुऱ्याची सुशीला ठेवली, वर शेंगदाणे जरा जास्त टाकले, आणि तिथंच बसली. महामाया सांगू लागली. देशात पाच ठिकाणी माकडांच्या मेंदूचे फोटो काढतात. चिरफाड नाही; भुलीचं औषध देऊन माकडाला मोठ्या यंत्रात झोपवायचं, तासाभरानं ते उठून केळं खातं. पण पाच ठिकाणच्या पाच तऱ्हा. एक जण माकड पालथं झोपवायचा, दुसरा उताणं. एक भूल जास्त द्यायचा, एक कमी. एकाच्या फोटोत मेंदूचे काप जाड, एकाचे पातळ. त्यामुळं एकाचा फोटो दुसऱ्याला लागू पडेना, आणि प्रत्येक जण नव्यानं माकडं धरायचा.

"म्हंजे पाच स्वयंपाकिणी आन प्रत्येकीचं माप येगळं," सरजाबाई म्हणाली.

"अगदी तसंच, काकू. आता आम्ही सगळ्यांचं झोपवणं, भूल, काप एकसारखं करून घेतलंय. राहिलं एक. मेंदूत कानशिलाच्या आतल्या बाजूला एक आखूड वाकडा भाग असतो, हिप्पोकॅम्पस. आठवणींचं काम त्याच्याकडं. प्रत्येक कापावर त्याची हद्द हातानं आखावी लागते. यंत्राला अजून ते नीट जमत नाही. माणसं आखतात, आणि दहा माणसं दहा हद्दी आखतात."

"शेताचा बांध हाय काय तो!" सर म्हणाले, पण त्यांचा आवाज बदलला होता. वाळत्या उसाला पाणी सुटावं तसा.

महामायेनं बेत सांगितला. लातुरात आठ पोरं, नांदेडात आठ पोरं. दोन्हीकडं तेच वीस माकडांचे फोटो. एकमेकांचं न बघता आखायचं. दोन्ही गावांच्या रेघा जुळल्या तर सगळ्या देशाचं आखायचं काम ह्या दोन गावांत राहील. नाही जुळल्या तर मोठ्या शहरात जाईल. नांदेडच्या गटावर लक्ष्मम्मा आहेत, देगलूरकडच्या, एक्स-रे विभागातून निवृत्त झालेल्या.

"नांदेड?" सर हसले. लातूर आणि नांदेड ह्या दोन गावांत क्लासवरून जी चुरस आहे ती काय सांगावी, सासवा-सुना बऱ्या. "त्यांची काय मजाल? महिन्याभरात बघ."

महामाया उठली तेव्हा सरजाबाईनं तिला थांबवलं. "पोरी, एक सांग. मारुतीच्या जातीचं ते. त्याला तरास तर न्हाई ना?"

"आहे थोडा, काकू. खोटं कशाला बोलू? म्हणून तर हे करायलोय. सगळ्यांच्या रेघा जुळल्या तर एका माकडाचा फोटो पाचही जणांना चालेल. नवी माकडं धरावी लागणार नाहीत."

"मग करा," सरजाबाई म्हणाली. जणू परवानगी तिचीच राहिली होती.

सरांनी घराच्या वरच्या खोलीत आठ संगणक मांडून घेतले. आठ पोरं निवडली, सगळी क्लासांतून तावूनसुलाखून निघालेली. गेल्या साली थोडक्यात प्रवेश हुकलेली. त्यांत एक अलीझा होती. तिचे वडील ताहेर भाजी मंडईजवळ घड्याळं दुरुस्त करायचे, आणि पोरीची नजर बापाकडून आलेली. बारीक.

सरांनी आपली जुनी पद्धत काढली. पहिल्या माकडाचे काप घेतले, रात्रंदिवस बसून त्याच्या हद्दी स्वतः आखल्या, आणि पोरांपुढं भिंतीवर लावल्या. "हे उत्तर. पाठ करा. अकराव्या कापावर शेपूट निघतंय, चौदाव्यावर पोट फुगतंय, एकोणिसाव्यावर संपतंय. डोळे मिटून आलं पायजे." आठवड्यात पोरांना आलं. दोन आठवड्यांत चार मिनिटांत येऊ लागलं. सर हातात घड्याळ घेऊन मागून फिरायचे आणि त्यांच्या अंगात तीस वर्षांपूर्वीचं वारं शिरायचं.

सतराव्या माकडाच्या दिवशी अलीझाचा हात थांबला.

"सर, इथं डावीकडं ते एवढं नाहीये. लहान दिसायलंय."

"चौदावा काप हाय ना?"

"हाव सर."

"मग पोट फुगतंय."

"पण सर, इथं फुगलेलं नाही ना..."

"अलीझा," सर प्रेमानंच म्हणाले, "परीक्षेत स्वतःचं डोकं चालवणारी पोरं मी लई बघितली. ती सगळी आता दुसऱ्यांदा परीक्षेला बसायलीत. पूस ते."

तिनं पुसलं. पोट फुगवलं. शेजारच्या एका पोरानं नीट दिसत नाही म्हणून जागा मोकळी सोडली होती, त्यालाही सरांनी तेच सुनावलं. कोरी जागा सोडणं हे लातुरात पाप. उत्तर येवो न येवो, काहीतरी लिहायचं.

महिना भरला. महामाया निकाल घेऊन आली. सर नवा सदरा घालून बसले होते. सरजाबाईनं मुद्दाम पेढे आणून फडक्याखाली झाकून ठेवले होते.

"लातूरच्या आठ जणांच्या रेघा एकमेकांशी किती जुळल्या," महामाया कागद बघत म्हणाली, "शंभरात नव्व्याण्णव."

सरांनी बायकोकडं बघितलं. सरजाबाईनं फडक्याला हात घातला.

"नांदेडच्या आपसात ब्याऐंशी."

"बघ!" सर म्हणाले. "ब्याऐंशीला लातुरात वसतिगृह बी मिळत न्हाई."

"आणि लातूर-नांदेड एकमेकांशी एकसष्ट."

फडक्यावरचा हात थांबला.

"म्हंजे नांदेडवाल्यांचं चुकलं," सर म्हणाले.

 महामायेनं संगणक उघडला आणि एक काप दाखवला. "सर, ही सतरा नंबरची. म्हातारी माकडीण आहे, माणसाच्या हिशोबानं जवळजवळ ऐंशीची. वयानं तिचा हा डावा भाग झिजलाय. निम्मा राहिलाय. नांदेडच्या सहा जणांनी लहान आखला, दोघांनी चुकवला. आणि ह्या लातूरच्या आठ रेघा."

आठ रेघा एकावर एक बसल्या होत्या. सुरेख, गरगरीत, पहिल्या माकडासारख्या. त्या रेघांच्या आत निम्म्या जागेत आठवणींचा तो भाग होता आणि निम्म्या जागेत नुसतं पाणी.

सर पडद्याकडं वाकले. निकाल ऐकायला आलेल्या पोरांत अलीझा खाली मान घालून उभी होती. तेच सरांना जास्त लागलं.

"अजून एक फेरी आहे," महामाया म्हणाली. "तीन आठवड्यांनी, नांदेडात, सगळ्यांसमोर, नव्या माकडावर. तिथं नाही जमलं तर मात्र माझ्या हातात काही राहणार नाही, सर."

ती गेल्यावर सर ओसरीवर बसले. सरजाबाई पेढ्यांचा पुडा घेऊन बाहेर आली. स्वतः एक खाल्ला, एक त्यांच्यापुढं धरला.

"कशाला?"

"आणलेत तर खराब कशाला करायचे?" मग ती बाजूला बसली. "माझ्या भावाचं, अण्णांचं, गाव भूकंपानंतर नवं वसवलं, आठवतंय? सगळी घरं एका मापाची. एक दार, दोन खिडक्या, रांगेत. आमचे अण्णा चौथ्या दिवशी शेतातून आले आन नेमके तिसऱ्याच्या घरात शिरले. खाटंवर बसले, टोपी काढली, आन त्या घरच्या सुनंला म्हणाले, 'च्या टाक, आन माझी तंबाखूची पिशवी कुठं टाकलीस?' तिनं बी च्या दिला. पिऊन झाल्यावर म्हणाली, 'बाबा, तुमी कोण?'"

सरांना हसू येऊ नये असं वाटत होतं, पण आलं.

"तसं केलंय तुमी," सरजाबाई म्हणाली. "त्या म्हातारीला सरकारी घर दिलंय. तिचं जे हाय ते बघितलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मठात कीर्तन होतं. बाहेरगावच्या एक कीर्तनकार बाई आल्या होत्या. सर नेहमीसारखे लवकर गेले, पण आज टाळकऱ्यांच्या रांगेकडं त्यांचं लक्ष नव्हतं. समोर मन्मथअप्पा मृदंग जमवत बसले होते. मन्मथअप्पा चाळीस वर्षं त्या मठात मृदंग वाजवणारे, दिवसा पिठाची गिरणी चालवणारे, आणि सरांचे शाळेपासूनचे सोबती. त्यांनी भिजवलेल्या कणकेचा गोळा घेतला, मृदंगाच्या डाव्या तोंडावर थापला, एक थाप मारली, कान लावला. थोडी कणीक काढली. पुन्हा थाप. पुन्हा जराशी लावली.

"मन्मथा," सर म्हणाले, "चाळीस वर्षं झाली. रोज काढतोस, रोज लावतोस. एकदा तोलून का ठेवत न्हाईस? इतके तोळे म्हंजे इतके तोळे. गिरणी तर तुझीच हाय."

मन्मथअप्पा हसले. "ठेवलं होतं तोलून. नवा होतो तवा. पावसाळ्यात कातडं ढिलं पडलं, तेवढीच कणीक लावली, तर मृदंग म्हशीवानी हंबरला. कीर्तनकार महाराज म्हणाले, 'मन्मथा, गोठ्यात सोडून ये त्याला.'"

"मग माप कसलं?"

"माप हाय की. लई कडक हाय." त्यांनी पेटीवाल्याला खूण केली, पेटीवाल्यानं बाईंची पट्टी धरली. "ह्या सुराला लागला पायजे. कणकीचं माप न्हाई, सुराचं हाय. काल महाराज होते, आज ह्या बाई हायत, गळा येगळा. कणीक जितकी लागंल तितकी." त्यांनी चिमूटभर कणीक काढून सरांच्या तळहातावर ठेवली. "ही आज उरली. तुमच्या माकडाला द्या."

टाळ सुरू झाले. बाईंनी पद धरलं, मृदंग सुराला लागला आणि सगळा मठ एका अंगानं डोलू लागला. सर मात्र त्या चिमूटभर कणकेकडं बघत बसले होते. मधेच उठून ते घरी निघाले, तेव्हा टाळकरी एकमेकांकडं बघू लागले. सर कीर्तनातून अर्ध्यात उठले, हे त्या मठात पहिल्यांदाच घडत होतं.

सकाळी वरच्या खोलीतल्या भिंतीवरून पहिल्या माकडाचं उत्तर गेलं. त्या जागी सरांनी हातानं लिहिलेला एक कागद आला. त्यावर आकृती नव्हती, नियम होते. करडा रंग जिथं संपतो तिथं रेघ, आधी नाही, नंतर नाही. आधी डावं बघायचं, मग उजवं, एकावरून दुसरं काढायचं नाही. शेजारचे दोन काप बघितल्याशिवाय पेन उचलायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी, सरांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेलं: दिसत नसेल तर रेघ तोडायची आणि प्रश्नचिन्ह करायचं.

पोरं तो शेवटचा नियम वाचून घाबरली.

"सर, कोरं सोडायचं?" एकानं विचारलं. "मार्क कापतील ना."

"कापू द्या."

"सर, तुमी बरे आहात ना?"

"अलीझा," सर म्हणाले, "त्या दिवशी तू जे आखलं होतंस ते पुन्हा आख. सतरा नंबरची. मी मागं बसून बघतो."

"पण सर, तुम्ही पूस म्हणाला होता."

"मी म्हणालो होतो. चुकून म्हणालो."

वरच्या खोलीत इतकं शांत झालं की खालून सरजाबाईला वाटलं, वीज गेली.

तीन आठवडे अवघड गेले. पोरांना पाठ केलेलं विसरायला लावणं हे पाठ करून घेण्यापेक्षा कठीण. सरांनाही. कुणी रेघ तोडली की त्यांचा हात आपोआप पुढं यायचा, आणि ते तो हात दुसऱ्या हातानं धरून ठेवायचे. सरजाबाई चहा घेऊन वर यायची आणि म्हणायची, "धरून ठिवा, धरून ठिवा. सवयीचा हाय तो."

ठरल्या दिवशी सकाळच्या बसनं सगळे नांदेडला गेले. एका कॉलेजच्या सभागृहात सोळा संगणक मांडले होते, वर दोन जादाचे. लक्ष्मम्मा दारातच उभ्या. ठेंगण्या, कपाळाला मोठं कुंकू, आवाज असा की एक्स-रेशिवाय हाडं दिसावीत.

"या या, लातूरवाले! नव्व्याण्णव टक्के!" त्या म्हणाल्या. "आम्ही आपले ब्याऐंशीचे गरीब लोक. पाणी तरी घ्या."

"बाई, चिडवायचं तेवढं चिडवा," सर म्हणाले. "आज आमी कमी मार्क पाडायला आलोय."

लक्ष्मम्मांनी त्यांच्याकडं जरा नीट बघितलं. मग महामायेला म्हणाल्या, "मग ह्यांनाही बसवा की आखायला. मीही बसते. शिकवणाऱ्यांची परीक्षा कधी कुणी घेतच नाही."

महामायेनं सरांकडं बघितलं. नाही म्हणायची सोय होती. सर खुर्चीत बसले.

नवं माकड आलं. नंबर एकतीस. सरांचा हात जुन्या ओळखीनं चालू लागला. रेघ सरळ, सुंदर जात होती. तेराव्या कापावर मात्र माकडाचं डोकं यंत्रात किंचित हललं असावं. डावीकडं सगळं धूसर. सरांना ठाऊक होतं, इथं काय असतं. तीस वर्षांचं ठाऊक होतं. हात पुढं निघालाही.

पोरांचं आखून झालं होतं आणि मागच्या रांगेतून अलीझा बघत होती. बाकीचे सातही जण बघत होते.

सरांनी रेघ तोडली. धूसर जागेवर एक प्रश्नचिन्ह काढलं. ते इतकं वाकडं आलं की वर्गात कुणी काढलं असतं तर त्यांनी वही फेकली असती.

दुपारी महामायेनं निकाल वाचला. लातूर आपसात अठ्ठ्याऐंशी. नांदेड आपसात सत्त्याऐंशी. लातूर-नांदेड एकमेकांशी शहाऐंशी. तेराव्या कापावर सोळांपैकी चौदा जणांनी आणि दोन्ही शिक्षकांनी एकाच जागी प्रश्नचिन्ह काढलं होतं. "काम इथंच राहणार," ती म्हणाली, आणि कागद मिटून सरांकडं वळली. "आणि सर, पाचही ठिकाणची माणसं हे शिकायला लातूरला येतील. भिंतीवरचा तो कागद घेऊन शिकवायचं. तुम्हीच."

सरांनी चष्मा काढला. ह्या वेळी पुसायला त्याच्यावर खरंच काही होतं.

"शहाऐंशी," ते सावरत म्हणाले. "उरलेले चौदा कुठं गेले म्हणायचं?"

"ते माकडाकडं राहिले," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "सगळंच आपण कसं घ्यायचं, सर?"

लातूरला पोचेतो दिवेलागण झाली होती. सरजाबाई दारातच.

"किती पडले?"

"शहाऐंशी."

"आन?"

सरांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. जन्मात पहिल्यांदा शहाऐंशीचे पेढे त्या घरात आले. पुड्याखाली एक मोठा कागद होता, अलीझानं छापून दिलेला: सतरा नंबरच्या म्हातारीचा मेंदू, उजवा भाग पूर्ण, डावा निम्मा, आणि दोन्हींवर अलीझाची बारीक रेघ.

"हीच काय ती?" सरजाबाईनं कागद दिव्याजवळ धरला. "आठवण निम्मी झालीया बिचारीची. आन तुमी तिला गरगरीत करून ठिवली होती."

तिनं पहिला पेढा लिंगापुढं ठेवला. मग विभूतीचं बोट घेतलं आणि कागदावर, म्हातारीच्या कपाळाचा अंदाज घेऊन, हलकेच टेकवलं.

"जरा डावीकडं," सरांच्या तोंडून निघालं.

"व्हय? नक्की ठाऊक हाय?"

 सरांनी कागदाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले, आणि पेढा तोंडात टाकला.